दत्तोपंतांच्या गाडीचा पोळा

"तेल-पाणी पाहिल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही," असं दत्तोपंत हरकऱ्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारत जाहीर केलं, आणि यमुताईंनी हातातली पिशवी ओट्यावर अशी आपटली की आतला चांदीचा खुळखुळा वाजला.

"अहो, आज मारबत आहे! एकदा का मिरवणूक निघाली की या महाल भागातून मुंगीसुद्धा बाहेर पडायची नाही. तिकडे कामठीत माझा भाचा वाटेकडे डोळे लावून बसला असेल!"

"बारा दिवसांचं पोर कुठे डोळे लावून बसते, यमू?"

"हरकऱ्यांचं नसेल बसत. आमच्याकडचं बसते!"

दत्तोपंतांनी गाडीच्या दिशेनं पाय वळवले.

यमुताईंची घाई खोटी नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ वामनराव कामठीला मास्तर होता. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्याच्या घरी पाळणा हलला होता आणि त्या दिवशी दुपारी बारसं होतं. बारशाला आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. आत्याच्या तोंडून निघेल ते नाव. यमुताईंनी नाव ठरवून ठेवलं होतं, मधुसूदन. हे त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव. पण भावजय प्रेमलता हिचं घर कॅन्टोन्मेंटच्या कडेला, आणि तिथलं वारं तिला लागलेलं. तिला मुलाचं नाव हवं होतं टोनी.

"टोनी हे समोरच्या कॅप्टनच्या कुत्र्याचं नाव आहे," असं यमुताईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं. त्यावर प्रेमलतेनं गोड हसून निरोप धाडला होता, "वन्संना यायला उशीर झाला तर काही हरकत नाही. माझी बहीण येणारच आहे. ती सांगेल कानात. मुहूर्त काही कोणासाठी थांबायचा नाही."

आता बोला! अशा निरोपानंतर कोणती आत्या स्वस्थ बसेल?

पण दत्तोपंतांचं तेल-पाणी ही साधीसुधी गोष्ट नव्हती. सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेल्या या गृहस्थानं वर्षापूर्वी एका म्हाताऱ्या डॉक्टरांची काळी मोटार विकत घेतली, आणि त्या दिवसापासून गाडी चालवण्यापेक्षा तिचं बोनट उघडण्यातच त्यांना जास्त सुख वाटू लागलं. दर रविवारी सकाळी गल्लीतली माणसं दात घासत ओट्यावर येऊन बसत, आणि दत्तोपंतांचं प्रवचन सुरू होई.

"पहिले इंजिन बंद. किल्ली खिशात. मग हा आतला खटका ओढा. आता बोनट बोटभर वर आलं, दिसलं का? पण उघडलं नाही! कारण आत दुसरी खिटी आहे. पहिला खटका सुटला तरी चालत्या गाडीत बोनट उडू नये म्हणून ही खिटी. फटीत बोट घालायचं, खिटी सरकवायची, मग उचलायचं, आणि उचललं की आधी हा टेकू लावायचा. टेकू लावल्याशिवाय जो आत मान घालतो, त्याची मान गाडीची!"

मग ते तेलाची पट्टी ओढून धोतराच्या सोग्याला पुसत, पुन्हा बुडवत, डोळ्यांसमोर धरून तिच्यावरच्या खुणा वाचत. रेडिएटरचं झाकण, बॅटरीचं पाणी, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून किती लवतो ते, सगळं यथासांग होई. शेवटी बोनट हातभरावरून सोडायचं, दोन्ही तळव्यांनी दाबायचं, आणि "आता सगळ्यात महत्त्वाचं. बंद केल्यावर एकदा वर ओढून पाहायचं. ओढून पाहिल्याशिवाय बोनट बंद झालं असं समजायचंच नाही!"

एवढं होईपर्यंत ऊन डोक्यावर येई आणि गाडी जिथल्या तिथे राही. गल्लीच्या तोंडाशी शिवणयंत्र मांडून बसणारा शालिकराम शिंपी तर उघड म्हणायचा, "पंतांनी गाडी नाही घेतली बाप्पा, झाकण घेतलं हाय!"

आदल्या दिवशी पोळा होता. हरकऱ्यांची कधीकाळची सावनेरकडची शेती केव्हाच गेली होती, पण यमुताईंची पोळ्याची हौस गेली नव्हती. बैल नाही तर नाही, गाडी तर आहे! त्यांनी तिला धुतलं, पुढच्या दिव्यांभोवती सोनेरी बेगड लावली, गेरूचे ठिपके दिले, झेंडूच्या माळा बांधल्या आणि नंबराच्या पाटीला रंगीत सुताची नवीकोरी वेसण अडकवली. दत्तोपंत कौतुकानं पाहत होते, पण बोनट उघडायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "पोळ्याला बैलाले जुंपत नाहीत, यमू. आज इंजिनाला सुट्टी."

त्यामुळे यमुताईंच्या मनात एक रुखरुख राहिली. बाहेरून शृंगार झाला, पण बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळायचे असतात ते राहिलं, आणि नैवेद्य तर मुळीच दाखवला नव्हता. एवढ्या महत्त्वाच्या कामाला निघायचं, आणि जनावर उपाशी!

तर त्या सकाळी दत्तोपंतांचं तेल-पाणी चालू असताना शालिकराम येऊन डोकावला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"पंत, दोनचार बांबू हायेत का गा?"

"काहून? काय झालं?"

"काय सांगू! रातच्या पाण्यानं आपल्या गल्लीचा बडग्या बसला ना! महिनाभर खपलो. पेट्रोलच्या भाववाढीचा राक्षस केला होता, हा एवढा मोठा जबडा! सकाळी पाहतो तं नुसता कागदाचा लगदा. आता बाकीच्या गल्ल्यांचे बडगे निघतील अन् आपण रिकाम्या हातानं? तोंड दाखवाले जागा नाही राहिली मले!"

नागपूरकराला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते, आणि त्यांच्याबरोबर गल्लोगल्लीचे बडगे. ज्या गोष्टीनं वर्षभर पिडलं, तिचा पुतळा करायचा, गावभर मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडायचं आणि शिवेबाहेर नेऊन जाळायचा. ते साल चौऱ्याहत्तरचं. पिडायला महागाई होती, आणि तिच्यात पेट्रोल सगळ्यांच्या पुढे.

दत्तोपंतांकडे बांबू नव्हते. शालिकराम हळहळत गेला. दत्तोपंत हात धुवायला आणि धोतर बदलायला आत गेले, आणि उघड्या बोनटसमोर यमुताई एकट्याच उरल्या.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग चटकन घरातून तूप-हळदीची वाटी, पूजेतलं कापसाचं वस्त्र आणि कालच्या दोन पुरणपोळ्या आणल्या. गाडीचे खांदे कुठे असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण बोनटच्या पुढच्या काठाशी जिथे तो खटका आणि खिटी बसते, ती जागा त्यांना खांद्यासारखी वाटली. तिथे त्यांनी तूप-हळद सढळ हातानं मळली आणि वर कापसाचं वस्त्र वाहिलं. पुरणपोळ्या इंजिनावरच्या एका सपाट जागी ठेवल्या. टेकू काढून बोनट हळूच खाली टेकवलं आणि त्याच्यावर हळदीचे दोन ठसठशीत पंजे उमटवले. "सुखरूप पोचव गं बाई," असं पुटपुटत त्यांनी हात जोडले.

दत्तोपंत आले. बोनट दाबायला त्यांनी तळवे पुढे केले तोच यमुताई ओरडल्या, "हात लावू नका! ओलं आहे!"

"अगं, दाबावं तर लागेल ना. आणि ओढून..."

"पंजे पुसले तर अपशकुन होईल! झालंय बंद. मी पाहिलं. बसा आता!"

तेवढ्यात लांबून ढोलाचा आवाज आला. वर्षभर गल्लीला जे शिकवलं ते दत्तोपंतांनी स्वतः त्या एका दिवशी केलं नाही. ते गाडीत बसले.

गल्लीतून बाहेर पडून गाडी गांधी दरवाजापर्यंत ठीक गेली. "पाहा, पोचू आपण," असं यमुताई म्हणाल्या, आणि त्याच क्षणी चाक एका खड्ड्यात आपटलं. धाडकन आवाज झाला, आणि दत्तोपंतांच्या डोळ्यांपुढून नागपूर शहर नाहीसं झालं. समोर होतं फक्त काळं बोनट, काचेला टेकून सरळ उभं.

"यमू! काही दिसून नाही राहिलं!"

"मग थांबवा ना!"

दत्तोपंतांनी गाडी थांबवली, उतरले, बोनट खाली आपटलं. ते पुन्हा वर. पुन्हा आपटलं. पुन्हा वर. वाकून पाहतात तर खटका आणि खिटी दोन्हींमध्ये तूप, हळद आणि कापूस यांचा चिकट गोळा गच्च बसलेला.

"हे काय आहे?"

"खांदेमळणी," यमुताई खालच्या आवाजात म्हणाल्या.

दत्तोपंतांना संतापायला अवधी मिळाला नाही. मागून ढोल, ताशे, गुलाल आणि हजारो माणसं चालून येत होती. कोपऱ्यावरच्या हवालदारानं शिट्टी फुंकली आणि काठी गाडीवर हाणली, "ए भाई, बीच में क्या खड़ा है? आगे बढ़ो, आगे बढ़ो!"

"अहो, पण बोनट..."

"बोनट-फोनट कुछ नहीं! पीछे मारबत है!"

काय करणार? दत्तोपंत बसले. उजव्या खिडकीतून त्यांनी मुंडकं बाहेर काढलं, डाव्या खिडकीतून यमुताईंनी, आणि गाडी गोगलगायीच्या चालीनं पुढे सरकू लागली.

"डावीकडे घ्या! डावीकडे! अहो, म्हैस आहे! थांबा! आता चला! बोनट हलून राहिलं, बोनट! उजवीकडे!"

आता हे दृश्य बाहेरून कसं दिसत होतं, ते वाचकांनीच डोळ्यांसमोर आणावं. सोनेरी बेगडीचे डोळे, अंगभर गेरूचे ठिपके, गळ्यात झेंडू, नाकात वेसण, वासलेला जबडा, जबड्याच्या काठावर पिवळीजर्द हळद, आणि दोन्ही कानांच्या जागी एक पुरुष आणि एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडताहेत. इतवारीच्या रस्त्यावर मिरवणुकीनं गाडीला गाठलं तेव्हा लोकांनी जागच्या जागी टाळ्या वाजवल्या.

"अरे वा! बडग्या पाहा बे, बडग्या! जिवंत माणसं बसवली हायेत!"

"कोण्या गल्लीचा हाय?"

गर्दीत मान खाली घालून चाललेल्या शालिकरामानं वर पाहिलं. क्षणभर त्याचा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. मग त्याची छाती फुलली, आणि तो एका उडीत गाडीच्या पायरीवर चढला.

"आपल्या गल्लीचा हाय! आमच्या पंतांचा हाय! हा हाय पेट्रोल पिणारा राक्षस! म्हणा रे पोट्टेहो, पेट्रोलची भाववाढ..."

"घेऊन जा गे मारबत!" सगळा रस्ता गर्जला.

"शालिकराम, वेड लागलं का तुला?" दत्तोपंत ओरडले. "बोनट बिघडलं आहे! आम्ही कामठीले चाललो!"

"पंत, तुम्ही थोर आहात," शालिकराम गहिवरून म्हणाला. "गल्लीची इज्जत राखली तुम्ही. अन् मले सकाळी बोलले बी नाही!"

वरच्या गच्च्यांमधून गुलाल पडत होता. कोणीतरी दत्तोपंतांच्या डोक्याला फेटा गुंडाळला. कोणीतरी यमुताईंच्या ओटीत नारळ टाकला. त्या डावी-उजवी सांगत होत्या, पण त्यांचा आवाज ढोलात बुडत होता, आणि जितका बुडे तितका त्या चढवत होत्या. मध्येच शालिकराम त्यांच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "ताई, तुमी बी काही म्हणा ना! तुमाले काय पिडून राहिलं, ते सांगा मारबतीले!"

यमुताईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग वर्षभराच्या साऱ्या रविवारांचं दुःख एकवटून त्या किंचाळल्या, "तेल-पाणी घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!" हजार गळ्यांनी साथ दिली. का आणि कशाला हे कोणी विचारलं नाही. दत्तोपंतांना मात्र ते फार लागलं. फेटा सावरत ते गाडी चालवत राहिले.

इतक्यात उघड्या जबड्यातून धूर निघाला. गर्दीच्या आनंदाला तर भरतंच आलं. "धूर बी सोडते रे!" पण दत्तोपंतांनी पाय ब्रेकवर ठेवला. तेल जळून राहिलं? की पट्टा? त्यांनी नाक वर केलं. वास तेलाचा नव्हता. वास वेलदोड्याचा, गुळाचा आणि साजूक तुपाचा होता.

"यमू," ते कोरड्या आवाजात म्हणाले, "इंजिनात पुरण आहे का?"

"नैवेद्य ठेवला होता," यमुताई म्हणाल्या. "दोनच आहेत."

शालिकरामानं उडी मारली, टॉवेलानं हात गुंडाळून इंजिनावरच्या दोन्ही पोळ्या उचलल्या आणि त्यांचे तुकडे करून पुढच्या लोकांत वाटले. पोळ्या खरपूस झाल्या होत्या. "बडग्याच्या पोटातला प्रसाद!" असं म्हणत लोक तुटून पडले. एका म्हाताऱ्यानं तर डोळे मिटून विचारलं, "कोण्या शेगडीवर भाजली गा ही?"

पण मुंगीच्या पावलांनी चालून चालून रेडिएटर तापला होता. शिट्टी वाजवावी तशी वाफ सुटली आणि इंजिन बंद पडलं. दोनचार पोरं बादली घेऊन धावली. एकानं रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेव्हा मात्र दत्तोपंत फेट्यासकट गाडीतून झेपावले आणि झाकणासमोर हात पसरून उभे राहिले.

"खबरदार! गरम असताना झाकण उघडायचं नाही! उकळतं पाणी तोंडावर उडेल, जन्माचं तोंड जाईल! आधी थंड होऊ द्या. मग फडकं टाकून, अर्धा वळसा, वाफ जाऊ द्यायची, मग उघडायचं!"

त्यांचा अवतार पाहून पोरं मागे सरली आणि गर्दीनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. लोकांना तेही नाटकच वाटलं.

"मग आता?" यमुताईंचा आवाज एव्हाना पार घोगरा झाला होता. "दुपार झाली हो! टोनी होईल त्याचा, टोनी!" आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. वडील गेले तेव्हापासून त्यांनी हे एकच मागितलं होतं, की त्या घरात पुन्हा मधुसूदन म्हणून हाक ऐकू यावी.

दत्तोपंतांनी ते पाणी पाहिलं. ते शालिकरामाकडे वळले. "बडगे कुठे नेतात?"

"शिवेबाहेर. आपला तं कामठी रोडच्या नाक्यापार नेऊ."

"मग ढकला!"

आणि काय सांगावं! जिला दत्तोपंतांनी वर्षभर इतकं जपलं, ती गाडी पन्नास-साठ हातांनी, ढोलताशांच्या गजरात, पेट्रोलचा थेंब न जाळता अर्ध्या नागपुरातून पार नेली.

नाक्यापलीकडच्या मैदानात आधीचे बडगे जळत होते. गाडी थांबताच एक जाडजूड इसम रॉकेलची बाटली घेऊन पुढे आला.

"अबे, रॉकेल काहून वाया घालवतं?" दुसरा म्हणाला. "किती महाग झालं. याच्यात तं पेट्रोलच भरलेलं हाय!"

शालिकराम "अरे, खरी गाडी हाय, खरी!" म्हणून ओरडत होता, पण ढोलापुढे त्याचं कोण ऐकतं? तेव्हा यमुताई दार उघडून उतरल्या. पदर खोचला, ओटीतला नारळ हातात उंच धरला आणि उरलासुरला घसा फाडून म्हणाल्या, "काडी लावून तर पाहा! हा नारळ डोक्यात घालीन एकेकाच्या! तिकडे कामठीत माझा भाचा बिननावाचा पडून आहे, आत्याची वाट पाहून राहिला, आणि तुम्ही तिची गाडी जाळता?"

ढोल थांबले. रॉकेलवाल्यानं बाटली पाठीमागे लपवली.

"बारसं हाय का आज?" त्यानं विचारलं. "मग आधी नाही सांगायचं, माय? चला रे, पाणी आणा!"

गाडी ढकलत आणेपर्यंत इंजिन निवलं होतं. दत्तोपंतांनी फडकं टाकून झाकण अर्धा वळसा फिरवलं, वाफ जाऊ दिली आणि हळूहळू पाणी ओतलं. तुपाचा गोळा काही खिटीतून निघेना, तेव्हा शालिकरामानंच युक्ती काढली. गाडीच्या नाकातली वेसण सोडून त्यानं बोनट पुढच्या जाळीला करकचून बांधलं. दत्तोपंतांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, आणि साऱ्या मैदानानं "घेऊन जा गे मारबत" च्या गजरात तिला कामठीच्या वाटेला लावलं.

वामनरावाच्या घरी पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. बाळ सकाळपासून रडत होतं. प्रेमलतेची बहीण खरंच पाळण्याशी वाकली होती, इतक्यात दारातून गुलालानं माखलेल्या, केस सुटलेल्या, हातात नारळ घेतलेल्या यमुताई आत शिरल्या. मागून फेटा बांधलेले दत्तोपंत.

"अगं बाई, वन्सं! हे काय?" प्रेमलता किंचाळली.

"सरका," यमुताई म्हणाल्या. म्हणजे त्यांनी म्हणायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसती हवा आली.

यमुताईंच्या आई रुखमाबाई कोपऱ्यात पाटावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आली ना आत्या? मग आत्याच सांगेल. बाजूला हो गं पोरी." प्रेमलतेची बहीण बाजूला झाली. यमुताई वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि कुर्रर्र केलं. ते मात्र बसलेल्या घशातून अगदी इंजिनासारखं निघालं. बायकांनी धपाट्यांसाठी हात उचलले. यमुताईंनी श्वास भरला.

आणि बाहेर वेसणीची गाठ सुटली. धाडकन आवाज झाला.

दिवसभर जी सवय जडली होती, ती त्या क्षणी कशी जाणार? यमुताईंचा घसा नेमका तेव्हाच मोकळा झाला, आणि बाळाच्या कानात त्या ओरडल्या, "बोनट!"

धपाधप धपाटे पडले. बाळानं रडणं थांबवलं, डोळे मोठे केले आणि खुदकन हसलं.

"काय म्हणाली?" रुखमाबाईंनी कानाला हात लावून विचारलं.

"बोनट," कोणीतरी म्हणालं.

"काय नाव आहे! पण असो. आत्याच्या तोंडून निघालं ते निघालं. हसलं पण पोर. राहू द्या बोनट."

"अहो, आई!" प्रेमलतेचा चेहरा पांढरा पडला. तिनं धावत येऊन यमुताईंचे दोन्ही हात धरले. "वन्सं, पाया पडते तुमच्या! मधुसूदन ठेवा, मधुसूदनच! पुन्हा सांगा कानात, आत्ताच्या आत्ता. मी चुकले. टोनीचं नाव काढणार नाही. पण हे बोनट नको हो!"

यमुताईंनी नणंदेला शोभेल इतका वेळ विचार केला. मग पुन्हा वाकल्या आणि हळूच, फक्त बाळालाच ऐकू जाईल अशा आवाजात, वडिलांचं नाव त्याच्या कानात सांगितलं. सरळ होताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दारात उभ्या दत्तोपंतांनीही फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं, आणि तिथला गुलाल डोळ्यात गेल्यामुळे ते बराच वेळ रडले.

कागदोपत्री ते पोर मधुसूदन झालं. प्रेमलता तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यांदा "मधुसूदन, मधुसूदन" म्हणून हाक मारू लागली. पण कामठीत त्याला आजही सगळे बोनट म्हणूनच ओळखतात, आणि त्याबद्दल त्याची स्वतःची काही तक्रार नाही.

संध्याकाळी परत निघायच्या वेळी दत्तोपंतांनी खिटीतला गोळा चिमट्यानं उकरून काढला, बोनट खाली सोडलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. मग त्यांना यमुताईंची इतवारीतली ती आरोळी आठवली. ते ओढून न पाहताच हात झटकत गाडीत जाऊन बसले. "चल यमू, निघू," असं ते म्हणाले. "तेल-पाणी नको आज. उगाच उशीर होईल."

यमुताई बसल्या नाहीत. त्या गाडीच्या पुढे गेल्या, पदर खोचला, बोनटच्या काठाला दोन्ही हात लावले आणि सगळा जोर लावून एकदा वर ओढून पाहिलं. बोनट हललं नाही. मग त्यांनी हात पुसले, आणि खिडकीशी येऊन घोगऱ्या आवाजात विचारलं,

"तेल पाहिलं का?"